रजा संपत आली: नोकरी, घर की पाळणाघर?

एका वाचक आईचा प्रश्न असा आहे. पुण्यात खासगी कंपनीत नोकरी, हातात ४२ हजार पगार. मुलगी पाच महिन्यांची, बाळंतपणाची रजा तीन आठवड्यांत संपते. घराजवळचं पाळणाघर महिन्याला ११ हजार सांगतं. सासूबाई साताऱ्याला असतात, त्यांचे गुडघे दुखतात. नवरा म्हणतो, "तुला योग्य वाटेल ते कर." नोकरी सोडावी, की मुलीला पाळणाघरात ठेवावं?

आज राजीनामा देऊ नका. पाळणाघरात प्रवेश घ्या, कामावर रुजू व्हा, तीन महिने ते चालवून बघा आणि मग ठरवा. पण त्याआधी एका गोष्टीचं उत्तर घरात बसून मिळवा: मुलीला ताप आला आणि पाळणाघराने "आज आणू नका" असं कळवलं, तर त्या दिवशी घरी कोण थांबणार? बहुतेक घरांत नोकरी सुटते ती पाळणाघर वाईट होतं म्हणून नाही. मूल आजारी पडून अधूनमधून घरी असतं आणि प्रत्येक वेळी रजा आईचीच जाते, म्हणून सुटते. "तुला योग्य वाटेल ते कर" हे वाक्य ऐकायला समजूतदार असलं, तरी त्यात नवऱ्याने स्वतःचा एकही दिवस देऊ केलेला नाही. तेवढा भाग आधी बदलायला हवा.

पैशाचं आधी उरकू. पगारातून पाळणाघराची फी वजा करून "मग उरतं काय?" असं विचारलं जातं, तिथेच हिशेब चुकतो. ४२ हजारांतून फी ११, येण्याजाण्याचे ४, स्वयंपाकाच्या बाईंचे ३ आणि औषधपाण्याचा हजारभर काढला, तर २३ हजार उरतात. त्यात कंपनीचा वाटा धरा. बेसिक, म्हणजे मूळ पगार, २२ हजार असेल आणि कंपनी पूर्ण बेसिकवर वाटा देत असेल, तर १२ टक्क्यांनी ती दरमहा २,६४० रुपये भरते, त्यातला काही भाग पीएफमध्ये आणि काही पेन्शनमध्ये जातो. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) दर वर्षाला महिन्याच्या बेसिकच्या १५/२६, म्हणजे सुमारे १२,७०० रुपये, महिन्याला हजारभर. तुमचा स्वतःचा पीएफ कापून झाल्यावरच पगार हातात येतो, म्हणजे तीही तुमचीच शिल्लक. कंपनीच्या आरोग्य विम्यात मुलीचं नाव घालता येतं का, हेही विचारा. नवऱ्याचा पगार ६० हजार धरला, तर ११ हजार फी ही दोघांच्या मिळून १ लाख २ हजारांतून जायची आहे. मूल दोघांचं असेल, तर फी एकटीच्या पगारातून का वजा करायची? शिवाय लहान बाळाची ही जड फी दोन-अडीच वर्षांची असते. पुढे बालवाडी सुरू झाली की अर्ध्या दिवसावर भागतं.

ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षं सलग सेवा लागते. तुम्हाला चार वर्षं झाली असतील, तर आत्ता सोडण्याची किंमत वेगळी मोजा. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेने ही सेवा तुटत नाही, ती सलगच धरतात.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. पगार १६-१८ हजार, विरार किंवा कल्याणहून लोकलने जाऊन-येऊन चार तास, घरात दुसरं माणूस नाही आणि जवळचं पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद होतं, असं असेल तर घरी थांबणं हा सरळ शहाणपणाचा निर्णय आहे. त्याबद्दल कुणापुढे मान खाली घालायची गरज नाही. तुमच्या आकड्यांत मात्र ती परिस्थिती दिसत नाही.

आता ऑफिस. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यातली २०१७ ची दुरुस्ती यांतल्या मुख्य तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा तुम्ही घेतलीच आहे. परतल्यावर काय मिळतं ते फारसं कुणी विचारत नाही. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ मिळतो. जिथे स्त्री-पुरुष मिळून ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत, तिथे कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचं दोघांच्या संमतीने ठरवता येतं. हे सगळं एचआरला तोंडी विचारू नका, ईमेल करा. चारच प्रश्न पुरेत: पाळणाघराची सोय कुठे आहे किंवा त्याऐवजी भत्ता मिळतो का, दूध काढायला दार बंद होणारी खोली आणि फ्रिज आहे का, शिल्लक अर्जित रजा बाळंतपणाच्या रजेला जोडता येईल का, पहिले दोन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम चालेल का. "बघू" असं उत्तर आलं, तर तारीख मागा.

घरून काम मिळालं की पाळणाघर वाचलं, असं समजू नका. दहा महिन्यांचं रांगतं मूल शेजारी असताना दोन तासांची मीटिंग होत नाही. काम रात्री अकरानंतर सरकतं आणि महिन्याभरात आई आजारी पडते. घरून काम केल्याने प्रवास वाचतो आणि मुलीला मधूनमधून अंगावर पाजता येतं, एवढा फायदा. त्या दिवशीही चार-पाच तास तिला सांभाळणारं माणूस लागतंच.

सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी जाता जाता: केंद्रात स्त्री कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, दोन मुलांसाठी मिळून, एकूण ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्र शासनात ती १८० दिवस आहे. ती बारावीच्या परीक्षेसाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली आहे. पहिल्या दोन वर्षांत तिचा निम्मा भाग वापरलेला जास्त उपयोगी.

पाळणाघर घराजवळ असावं की ऑफिसजवळ? अंगावरचं दूध चालू असेल आणि प्रवास अर्ध्या तासाच्या आत कारने किंवा कंपनीच्या बसने होत असेल, तर ऑफिसजवळ. एरवी घराजवळ. कारण घराजवळचं असलं की नवरा, आजी, शेजारची मैत्रीण, कुणीही आणू शकतं. ऑफिसजवळच्या पाळणाघरातून आणायचं काम कायमचं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. स्कूटरवर पुढे बांधून न्यायचा विचार मनात असेल तर तो सोडा. दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम २०२३ पासून आहे. तुमची मुलगी तर त्याहूनही लहान आहे.

पाळणाघर बघायला दोनदा जा. एकदा सकाळी साडेअकरा ते एक या भरवण्याच्या वेळेत, आणि एकदा न सांगता संध्याकाळी पाचच्या सुमारास, मावशा दमलेल्या असतात तेव्हा. मुलीला बरोबर नेऊ नका, सगळं लक्ष तिच्याकडेच जाईल. भिंतीवरची चित्रं आणि खेळण्यांचे डबे बघण्यात वेळ घालवू नका. एका मावशीला एका बाळाला भरवताना दहा मिनिटं बघा. बाळ तोंड उघडेपर्यंत ती चमचा धरून थांबते, की मागचा घास गालात असतानाच पुढचा ढकलते? बाळाने मान फिरवली तर विश्रांती देते, की हनुवटी धरून तोंड सरळ करते? बोलते का त्याच्याशी? तोच चमचा शेजारच्या बाळाच्या वाटीत जातो का? भरवून झाल्यावर ओल्या कपड्याने तोंड टिपते, की खसाखसा पुसते? इतकं बघितलंत तर त्या घरातला दिवसभराचा स्वभाव कळतो. भरवायची घाई दिसली की समजा, मुलं जास्त आणि हात कमी आहेत.

हात किती हवेत? केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळणाघर मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक कार्यकर्ती आणि तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक, असं प्रमाण दिलं आहे. ही अगदी तळाची मर्यादा आहे. एक वर्षाखालच्या बाळांसाठी तीन, फार तर चार बाळांमागे एक मावशी हवी. एकाला भरवायचं आहे, एकाचं डायपर भरलंय, एक झोपेला आलंय, एवढ्यातच एका माणसाचे दोन्ही हात संपतात. एक ते दोन वर्षांच्या पाचांमागे एक चालतं. प्रमाण विचारताना "एकूण किती मावशा?" असं विचारू नका, त्यात स्वयंपाकाच्या बाईही मोजल्या जातात. दुपारी दोन वाजता, मावशांच्या जेवणाच्या वेळी, बाळांच्या खोलीत किती जणी असतात ते विचारा.

सगळ्यात बोलका प्रश्न असा: गेल्या वर्षभरात किती मावशा सोडून गेल्या? दर दोन-तीन महिन्यांनी माणूस बदलत असेल, तर बाळाला दर वेळी नव्याने रुळावं लागतं. जिथे मावशी चार-पाच वर्षं टिकली आहे तिथे मालकिणीने तिला बरा पगार आणि सुट्टी दिलेली असते, आणि त्याचा फायदा मुलांना मिळतो. हजार-दीड हजार जास्त मोजावे लागले तरी असं ठिकाण घ्या.

बाकी बघायच्या गोष्टी: डायपर बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब आणि तिथेच साबण-पाणी. प्रत्येक बाळाची चादर वेगळी. एक वर्षाखालची बाळं पाठीवर, सपाट गादीवर झोपवलेली, उशी-लोड नसलेली. झोळीत झोपवून माणूस दुसऱ्या खोलीत जात असेल, तर ते ठिकाण नको. बाथरूमचं दार बंद आणि बादल्या रिकाम्या, कारण नुकतं उभं राहायला लागलेलं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. गॅलरीला जाळी, गॅसच्या खोलीला दार, फिनेल आणि औषधं कुलपात. वॉकरमध्ये ओळीने बसवलेली मुलं किंवा सतत चालू असलेला टीव्ही दिसला, तर मुलं नुसती गुंतवून ठेवली जातात एवढंच कळतं.

शॉप ॲक्टची पावती भिंतीवर लावलेली असते. तो व्यवसायाच्या नोंदणीचा कागद आहे, मुलं सांभाळण्याच्या दर्जाचा दाखला नव्हे. सीसीटीव्हीचंही तसंच. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात लहान मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात नोंदली गेली होती. कॅमेरा होता, पण त्याने मारहाण थांबली नाही. चित्रीकरण नंतर तपासलं तेव्हा पुरावा मिळाला. म्हणून "कॅमेरा आहे का?" एवढ्यावर थांबू नका. चित्रीकरण किती दिवस राहतं, कोण बघतं, आणि पालकाने मागितल्यावर दाखवतात का, हे विचारा. दिवसा कधीही न सांगता आत येऊ देतात का, हे त्याहून महत्त्वाचं. "मुलं विचलित होतात, गेटवरच थांबा" असं म्हणणारं पाळणाघर माझ्या मते घेऊ नये.

लेखी मागायच्या गोष्टी: वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी (गणपती आणि दिवाळीतले बंद दिवस तुमच्या ऑफिसच्या सुट्ट्यांशी जुळवून बघा), उशीर झाल्यास तासाचा आकार, मूल गैरहजर असताना फी, मुलीला कोणकोण नेऊ शकतं त्यांची फोटोसह नावं, आणि आजारपणाचा नियम. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर मूल घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच परत, असा कडक नियम असणारं ठिकाण निवडा. "ताप असला तरी आणा, आम्ही सिरप देऊ" ही सोय वाटते खरी, पण मग शेजारच्या तापलेल्या मुलाबरोबर तुमची मुलगीही दिवसभर असते.

दुधाची तयारी आजपासून करा. परतायच्या आदल्या दिवशी पंप विकत घेतला की पहिल्या आठवड्यातच गोंधळ उडतो. रोज सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर एकदा दूध काढा. पहिले काही दिवस ३०-४० मिली निघालं तरी पुरे. तुम्ही लांब असाल त्या प्रत्येक तासाला साधारण ३० मिली धरा, म्हणजे नऊ तासांना २७०. डब्यात ३३० द्या, थोडं सांडतं. ६० ते ९० मिलीच्या छोट्या बरण्या करा, वर तारीख आणि वेळ लिहा. मोठी बाटली दिली की अर्धी उष्टी होऊन फुकट जाते, उष्टं दूध दोन तासांनंतर टाकायचंच असतं. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण एप्रिल-मेच्या पुण्यात हा हिशेब विसरा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. तिथे चार दिवस चालतं, दारात न ठेवता आतल्या बाजूला. देताना बरणी कोमट पाण्याच्या भांड्यात धरा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, हे मावशींना स्वतः करून दाखवा. बाटली घेत नसेल तर तिच्या मागे लागू नका. वाटी-चमचा किंवा बोंडल्याने हे वय सहज पितं, आणि ती भांडी धुवायलाही सोपी.

ऑफिसात दर तीन तासांनी १५-२० मिनिटं दूध काढा. पहिल्या आठवड्यात "आज कामं खूप होती" म्हणून दोनदा चुकलं की दूध उतरायला लागतं, छाती दगडासारखी होते आणि कधी ताप येतो. कॅलेंडरमध्ये ती वेळ आधीच अडवून ठेवा. सकाळी निघताना, आल्या आल्या आणि रात्री अंगावरच पाजा.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होईल, तुमच्या बाबतीत ते पाळणाघराच्या पहिल्याच आठवड्यांत येतंय. त्यामुळे नियम असा ठेवा: नवा पदार्थ आधी घरी, दोन-तीन दिवस, मग डब्यात. नाचणीची पेज, घट्टसर मऊ वरण-भात वर तूप, कुस्करलेला लाल भोपळा किंवा केळं. नुसतं वरणाचं पाणी नको, त्याने पोट भरतं पण वजन वाढत नाही. वर्षाच्या आत मध नाही, मीठ-साखर नाही, प्यायला गाईचं दूध नाही. मावशींना हे लिहून द्या, कारण "थोडं बिस्कीट दुधात बुडवून दिलं" हे प्रेमापोटी होतंच.

रुळण्यासाठी दोन आठवडे द्या, म्हणजे पुढच्या आठवड्यापासूनच सुरुवात करावी लागेल. पहिले दोन दिवस तासभर, तुम्ही त्याच खोलीत. मावशींनी तुमच्या समोर तिला घ्यावं, डायपर बदलावं. तिसऱ्या दिवशी निरोप घेऊन २० मिनिटं बाहेर जा, चौथ्या-पाचव्या दिवशी एक भरवणं तुमच्याशिवाय होऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात दुपारची झोप तिथे, मग अर्धा दिवस, मग पाच-सहा तास. झोप हा अवघड टप्पा आहे. तो नीट झाला की बाकीचं जमतं. तिला झोपवताना काय म्हणता, पाठ थोपटता की कपाळावरून हात फिरवता, हे मावशींना सांगा. ऑफिसला बुधवारी किंवा गुरुवारी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांतच संपतो.

तिची नजर चुकवून निघू नका. आत्ता कळत नाही असं वाटलं तरी सवय आत्ताच लावायची आहे. "आई ऑफिसला जाते, संध्याकाळी येते" असं रोज त्याच शब्दांत सांगून मावशींच्या हातात द्या आणि वळून निघा. दारात पाच वेळा परत येण्याने रडं वाढतं. आठव्या-नवव्या महिन्यापासून अनोळखी माणसाची आणि आई दूर जाण्याची भीती वाढते. ती दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते. सहाव्या महिन्यात सुरू करणं म्हणूनच सोपं पडतं. चांगली रुळलेली मुलगी नवव्या महिन्यात अचानक रडायला लागली, तर पाळणाघर बिघडलं असं लगेच ठरवू नका. सोडताना रडते आणि दहा-पंधरा मिनिटांत शांत होते, हे ठीक. संध्याकाळी तुम्हाला बघताच हंबरडा फोडते, हेही ठीक, दिवसभराचं ती तुमच्याजवळ मोकळं करते. ठीक नाही ते असं: चार आठवड्यांनंतरही तिथे काही खात नाही, वजन थांबलंय, रात्री दचकून उठते, ठरावीक मावशीकडे जाताना अंग आखडते, किंवा एरवी बडबडणारी मुलगी गप्प झाली आहे. अशा वेळी विचारपूस करत बसण्यात वेळ जाऊ न देता त्याच दिवशी तिला घरी आणा.

आजारपण. पाळणाघराचं पहिलं वर्ष सर्दी-खोकल्याचं असतं, वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी हे या वयात नेहमीचंच. हे धरून वर्षाला १५ दिवसांची तजवीज करा आणि ती दोघांत वाटा. खासगी नोकरीत वडिलांना रजा देण्याची सक्ती कायद्यात नाही, म्हणून नवऱ्याने आपल्या अर्जित रजेतले सात-आठ दिवस आत्ताच बाजूला काढावेत. कॅलेंडरवर लिहा: सोम ते बुध बोलावणं आलं तर तुम्ही, गुरु-शुक्र तो. पाळणाघराच्या वहीत पहिला फोन नंबर त्याचा द्या. एवढ्याशा गोष्टीने बराच फरक पडतो. लसीकरण तारखेवर ठेवा. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस, पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलू नका.

सासूबाईंचं काय? सहा महिन्यांची मुलगी सात किलोच्या पुढे असते आणि दिवसातून पन्नास वेळा उचलावी लागते. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईवर दहा तासांचं हे ओझं टाकणं तिच्यावर आणि मुलीवर दोघींवर अन्याय. पण पहिले दोन महिने त्या पुण्यात येऊन राहिल्या, पाळणाघर नऊ ते चार ठेवलं आणि चारनंतर आजीजवळ, तर मुलीचे पाळणाघरातले तास छान कमी होतात. हे नवऱ्यामार्फत न कळवता तुम्ही स्वतः विचारा, तारखा घालून विचारा, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या तारखा आधी मोकळ्या ठेवा. दिवसभराच्या बाई घरी ठेवायच्या, तर आजी घरात असतानाच. एकट्या बाई आणि न बोलता येणारं बाळ, मध्ये तिसरं कुणी नाही, ही सगळ्यात कच्ची व्यवस्था. पोलीस पडताळणी करा, पण ती झाली म्हणून बाळ सांभाळता येतं असं होत नाही. बाळ सांभाळणाऱ्या बाईंना भांडी-फरशी सांगू नका.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनाही हाच प्रश्न असतो, आणि त्यांच्याकडे ११ हजार नसतात. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरं आहेत. तुमच्या वॉर्डात तसं आहे का, ते अंगणवाडी सेविकेला विचारून त्यांना सांगा. बांधकामावर ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील, तर तिथे पाळणाघर देणं १९९६ च्या कायद्याने बंधनकारक होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे, म्हणून आजचा नियम विचारून घ्या.

आईविना मुलीचं नुकसान होईल का, ही भीती प्रश्नात लिहिलेली नसली तरी दिसते. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पुढे कित्येक वर्षं अभ्यास झाला. त्यात घर, आई-वडिलांचं वागणं आणि मायेचा प्रतिसाद यांचा परिणाम पाळणाघरापेक्षा मोठा दिसला. चांगल्या दर्जाच्या सांभाळाने भाषेला थोडा फायदा दिसला, आणि फार जास्त तास ठेवलेल्या मुलांत हट्ट-आक्रमकपणा किंचित जास्त दिसला. म्हणून तास मोजा. अकरा तासांऐवजी साडेआठ करता आले, तर त्यासाठी ऑफिसशी भांडण्यात अर्थ आहे. सकाळी नवऱ्याने उशिरा सोडायचं आणि संध्याकाळी तुम्ही लवकर आणायचं, यातच दीड-दोन तास कमी होतात.

तरीही घरी थांबायचं ठरलं, तर मी मनापासून मान्य करीन अशी कारणं आहेत: बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा विशेष उपचार चालू असलेलं, रात्रपाळी, जवळपास एकही धड पाळणाघर नाही, किंवा तुम्हालाच घरी राहायचं आहे. हे शेवटचं कारणही पुरेसं आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटतंय, झोप लागत नाही, सतत रडू येतंय, आणि त्यातून राजीनामा सुचतोय, तर आधी डॉक्टरांकडे जा. ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत, आणि त्या काळात कायमचे निर्णय घेऊ नयेत.

घरी थांबताना पीएफ काढू नका. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढला तर कर लागतो, आणि दहा वर्षांनी मिळणाऱ्या पेन्शनचा धागाही तुटतो. कंपनीचा आरोग्य विमा संपण्याआधी स्वतःचा घ्या. दर महिन्याला ठरलेली रक्कम तुमच्या नावाच्या खात्यात यावी, घरखर्चाच्या खात्यात नव्हे. अनुभवपत्र आणि पगाराच्या पावत्या निघतानाच घ्या, दोन वर्षांनी त्या मिळवताना नाकी नऊ येतात.

या आठवड्यात एवढं करा: सोमवारी एचआरला ईमेल, मंगळवार-बुधवारी दोन पाळणाघरांना दोन वेळा भेट, रविवारी नवऱ्याबरोबर बसून रजेचं कॅलेंडर. तीन महिन्यांनी चार गोष्टी बघा: मुलीचं वजन वाढतंय का, तिची मावशी तीच आहे का, आजारपणाच्या रजा दोघांच्या किती झाल्या, आणि तुमची झोप किती होते. पहिल्या दोन बिघडल्या असतील तर पाळणाघर बदला. तिसरी बिघडली असेल तर कॅलेंडर पुन्हा मांडा. चौथी बिघडली असेल तर घरातली कामं किंवा ऑफिसचे तास कमी करा. हे सगळं करूनही जमत नसेल, तर नोटीस पिरियडची तारीख बघून राजीनामा द्या.